हृदयरुग्णांच्या घरच्यांसाठी प्रश्नावली मराठीत आणताना

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं काम कमी पडू लागलेल्या, पेशंटच्या गोळ्यांच्या वेळा, जेवणातलं मीठ, पायांवरची सूज आणि रात्रीची धाप यांच्याकडे बघणारं माणूस घरातलंच असतं. केसपेपरवर त्याची नोंद झालीच तर 'सोबत कोण' एवढ्यापुरती होते. या माणसावर किती ताण आहे आणि घर त्याला कितपत साथ देतं, हे विचारायच्या प्रश्नावल्या इंग्रजीत केव्हाच्या तयार आहेत. त्या मराठीत आणायचं काम आमच्या गटानं केलं. गटात हृदयरोगतज्ज्ञ, वॉर्डातल्या अनुभवी परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, संख्याशास्त्र जाणणारे आणि मराठीच्या प्राध्यापक असे लोक होते. नर्सिंग, समाजकार्य आणि एम.डी.चे विद्यार्थी प्रबंधासाठी हेच काम हाती घेतात आणि दर वेळी त्याच जागी अडतात, म्हणून ते कसं करायचं हे सविस्तर लिहीत आहोत.

मुख्य प्रश्नावल्या दोन. पहिली झारिट या संशोधकाची, काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजणारी. तिच्यात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ८८. दुसरी 'फॅमिली ॲपगार', घर कितपत साथ देतं हे विचारणारी, गॅब्रिएल स्मिल्कस्टाईन यांनी १९७८ मध्ये मांडलेली. तिच्यात पाचच प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते २ गुण. एकूण ७ ते १० गुण म्हणजे घराची घडी चांगली, ४ ते ६ म्हणजे मध्यम, त्याखाली म्हणजे घरात गंभीर अडचण. यांच्या जोडीला घराण्यातल्या हृदयविकाराचा इतिहास विचारणारा तक्ता आम्ही स्वतः केला. पेशंटनं स्वतःच्या त्रासाबद्दल भरायच्या 'कॅन्सस सिटी' (२३ प्रश्न) आणि 'मिनेसोटा' (२१ प्रश्न) या नावांच्या प्रश्नावल्यांमधली उदाहरणं ओघात येतील, कारण अडचणी बऱ्याच सारख्या आहेत.

पहिलं पाऊल परवानगीचं. यातल्या बऱ्याच प्रश्नावल्यांवर स्वामित्वहक्क आहे. झारिटची परवानगी फ्रान्समधल्या मापी रिसर्च ट्रस्ट या अशा प्रश्नावल्यांचं वितरण पाहणाऱ्या संस्थेमार्फत मिळते. मागणी करतानाच विचारायचं की मराठी रूप आधी झालेलं आहे का. औषध कंपन्यांच्या चाचण्यांसाठी भारतीय भाषांमधली रूपं तयार होतात आणि पुष्कळदा ती कुठे छापून येत नाहीत, पण हक्कदाराकडे असतात. मराठी रूप असेल तर तेच घ्यावं आणि आपल्याकडच्या लोकांवर तपासावं. एकाच प्रश्नावलीची दोन मराठी रूपं फिरू लागली की नागपूरचे गुण कोल्हापूरच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत.

संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीकडचा अर्ज दोन टप्प्यांत केला तर वेळ वाचतो. आधी इंग्रजी प्रश्नावली आणि भाषांतराची पद्धत सांगून मान्यता घ्यायची, मग मराठी रूप तयार झालं की सुधारणा म्हणून ते दाखल करायचं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीपत्र सहभागी माणसाला कळेल अशा भाषेत लागतं, आणि वाचता न येणाऱ्यासाठी अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. वॉर्डातली सिस्टर किंवा संशोधन करणारा विद्यार्थी त्रयस्थ ठरत नाही. साक्षीदार कोण असेल हे आधीच ठरवून ठेवावं, ऐन वेळी शोधत बसू नये.

भाषांतराची पद्धत नवी शोधायची गरज नाही. प्रश्नावल्यांच्या भाषांतरासाठी बीटन या संशोधक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेले टप्पे आम्ही पाळले: दोन स्वतंत्र मराठी भाषांतरं, त्यांचं एकत्रीकरण, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून पुन्हा इंग्रजी, भाषांतरकार आणि तज्ज्ञ यांच्या समितीची बैठक, ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी आणि प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद. दोन मराठी भाषांतरकारांपैकी एकाला विषय माहीत हवा, दुसऱ्याला अजिबात नको. डॉक्टर भाषांतर करतात तेव्हा अवघड शब्दही त्यांना सोपा वाटतो. उलट, फक्त भाषेतलं माणूस 'परिचर्या', 'आप्त', 'दैनंदिन जीवन' अशा छापील मराठीकडे झुकतं. दोघांना एकच सूचना लेखी द्यायची: सहावी-सातवी शिकलेल्या बाईला एकदा वाचून कळलं पाहिजे, एका वाक्यात एकच गोष्ट विचारायची आणि शक्यतो पंधरा शब्दांच्या आत. मशीनच्या भाषांतरावर हात फिरवून दिलेला मसुदा घेऊ नका. वरवर तो सुबक दिसतो, पण दोन भाषांतरकार एकाच मशीनकडे गेले तर दोन स्वतंत्र मतं मिळतच नाहीत.

एकत्रीकरणाच्या वेळी प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ करावी आणि तिच्यात मूळ वाक्य, पहिलं भाषांतर, दुसरं भाषांतर, ठरलेलं वाक्य आणि कारण असे पाच रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सहा महिन्यांनी परीक्षक 'हा शब्द का घेतला' असं विचारतो तेव्हा उपयोगी तोच पडतो.

झारिटमध्ये भाषेचा मोठा प्रश्न आपल्या क्रियापदांतून येतो. इंग्रजी वाक्यात पेशंट बाई आहे की पुरुष, वडीलधारं आहे की धाकटं, हे कळत नाही. मराठीत ते लगेच उघडं पडतं. 'तो/ती' असा तिरकस दांडा प्रत्येक प्रश्नात आला की वाचणारी अडखळते, आणि सासऱ्यांना 'तो' म्हणणारा कागद तिला आवडतही नाही. यावर आम्ही दोन गोष्टी पाळल्या. पेशंटसाठी सगळीकडे आदरार्थी 'त्यांना, त्यांची, त्यांच्यामुळे' आणि क्रियापद साध्या वर्तमानकाळातलं: 'मागतात', 'चिडतात', 'अवलंबून असतात'. ही रूपं बाई-पुरुष दोघांनाही चालतात. 'आले-आल्या', 'म्हणाले-म्हणाल्या' यांत भेद येतो, म्हणून भूतकाळ टाळला. उत्तर देणाऱ्याच्या बाबतीत 'तुम्हाला वाटतं का' अशी रचना धरली, म्हणजे 'थकलास की थकलीस' हा प्रश्नच उरत नाही.

मूळ प्रश्नावलीत पेशंटचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक प्रश्नात नात्यातलं माणूस म्हणून येतो. 'तुमचे नातेवाईक' असं लिहिलं की नवऱ्याची काळजी घेणारी बाई थबकते. नवरा तिच्या लेखी नातेवाईक नसतोच, नातेवाईक म्हणजे लग्नाला येणारी माणसं. मुलाखतीत बायका 'आमचे हे', 'मालक', 'यजमान', 'सासूबाई' असं बोलतात. कागदावर 'तुमच्या घरचे पेशंट' हे सगळ्यांना चाललं. 'रुग्ण' समजतो, पण तो दवाखान्याच्या पाटीवरचा वाटतो. तोंडी मुलाखत असेल तर सुरुवातीलाच विचारून घ्यायचं की कोणाची काळजी घेता, आणि पुढे त्याच नात्याचा शब्द वापरायचा. ही मुभा मुलाखतकाराच्या सूचनापत्रात लिहिलेली हवी, नाहीतर प्रत्येकजण आपल्या मनानं वाक्य बदलत जातो.

उलट भाषांतराचा टप्पा आवश्यक आहे, पण त्यावर जेवढा विश्वास टाकला जातो तेवढा टाकू नये. शब्दाला शब्द ठेवून केलेलं ओबडधोबड मराठी इंग्रजीत परत नेलं की हुबेहूब मूळ वाक्य मिळतं. 'नातेवाईक' परत जाताना बिनचूक जागी जाऊन बसतो आणि बैठकीत सगळे समाधान मानतात. याउलट घरात बोलतात तसं मराठी परत नेलं की इंग्रजी वेगळं दिसतं, आणि ज्यानं मूळ कागद समोर धरलाय तो लाल शेरा मारतो. समितीला आधीच सांगून ठेवावं की उलट भाषांतर अर्थ सुटला किंवा उलटला का हे पाहण्यासाठी आहे. नकार गळणं, 'तुमच्यामुळे' आणि 'त्यांच्यामुळे' यांची अदलाबदल, 'पुरेसा वेळ' मधला 'पुरेसा' उडणं, असे दोष त्यातून खरोखर सापडतात.

समितीच्या बैठकीत चार गोष्टी पाहायच्या असतात: अर्थ जुळतो का, म्हणी-वाक्प्रचार जुळतात का, प्रश्नातला अनुभव आपल्याकडे घडतो का, आणि कल्पना तीच राहते का. समितीवर प्रत्यक्ष काळजी घेणारं एक तरी माणूस हवं, आणि त्याला सगळ्यांच्या आधी बोलू द्यावं. मोठ्या डॉक्टरांनी मत दिल्यावर सहसा कोणी वेगळं बोलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आजाराच्या नावावर. 'हार्ट फेल झालं' याचा मराठी घरात अर्थ एकच, माणूस गेला. प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत 'तुमच्या पेशंटला हार्ट फेल्युअर आहे' असं वाचून दाखवलं की पुढचे प्रश्न ऐकायच्या मनःस्थितीत माणूस राहत नाही. 'हृदय निकामी होणे' हा छापील पर्याय त्याहून कठोर. ओपीडीत डॉक्टर आणि घरचे दोघेही 'पंपिंग कमी झालंय' म्हणतात, टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावरचा आकडाही 'पंपिंग तीस टक्के' असाच सांगतात. म्हणून प्रस्तावनेत 'हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद, म्हणजे पंपिंग, कमी होणे' असं लिहिलं. पंपिंगचा आकडा चांगला असूनही हार्ट फेल्युअर असलेले पेशंट असतात, तेव्हा मुलाखतकारासाठी वेगळी टीप द्यावी लागते.

लक्षणांमध्ये 'धाप' आणि 'दम लागणे' हे दोन्ही समजतात. पण 'दमाचा त्रास' असं लिहिलं की उत्तर दम्याचं येतं. 'आम्हाला दमा नाही' असं सांगून लोक मोकळे होतात. 'चालताना किंवा आडवं झाल्यावर दम लागणे' असं प्रसंगासकट लिहावं. कॅन्सस सिटीमध्ये धाप लागते म्हणून खुर्चीत बसून किंवा किमान तीन उशा घेऊन झोपावं लागलं का, असा प्रश्न आहे. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्या घरात माणशी एक उशी असते. रात्री धाप लागली की माणूस उठून भिंतीला टेकून बसतो, किंवा पाठीशी गोधड्यांची वळकटी लावतो. अशा प्रश्नात परिस्थिती तीच ठेवून उदाहरण वाढवायचं असेल तर हक्कदाराची लेखी संमती घ्यावी, आपल्या अधिकारात करू नये. जिना चढण्याच्या प्रश्नाचंही तेच. बैठ्या घरांच्या गावात लोक 'आमच्याकडे जिनाच नाही' म्हणतात आणि प्रश्न 'लागू नाही' मध्ये जातो. खरं तर देवळाच्या पायऱ्या किंवा शेताकडची चढण त्यांना चढवत नसते.

झारिटमध्ये खाजगीपणाबद्दल आणि चार लोकांत मिसळण्याबद्दल प्रश्न आहेत. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतात तिथे 'खाजगीपणा' हा शब्द कोणी वापरत नाही. 'घरात स्वतःपुरता निवांतपणा मिळत नाही' असं म्हटलं की लगेच उत्तर येतं. मिसळण्याच्या प्रश्नात 'सामाजिक जीवन' असं लिहिलं तर लोकांना समाजकार्य आठवतं. लग्नकार्य, हळदीकुंकू, भिशी, माहेरी जाणं, पारावर बसणं हे सुटलं का, असं विचारलं की मग खरं कळतं. उदाहरणं देताना बाई आणि पुरुष दोघांचीही द्यावीत, नाहीतर काळजी घेणारा मुलगा असेल तर प्रश्न आपल्यासाठी नाही असं त्याला वाटतं.

ॲपगारमध्ये पाच प्रश्नांपैकी दोन अवघड. नवं काही करायच्या तुमच्या इच्छेला घरचे पाठिंबा देतात का, हा एक. साठीच्या बाईला 'नवीन दिशा' म्हणजे काय ते उमगत नाही. भजनी मंडळात जाणं, शिवण शिकणं, बचत गटात पद घेणं अशी उदाहरणं लागतात. दुसरा, घरचे माया कशी व्यक्त करतात याबद्दल समाधानी आहात का. आपल्याकडे माया बोलून दाखवली जात नाही. कोणी रात्री उठून पाणी देतं, कोणी 'तू जेवलीस का' विचारतं. 'बोलण्यातून किंवा वागण्यातून' एवढे शब्द घातले की प्रश्न जागेवर येतो.

उत्तरांचे पर्याय हा स्वतंत्र विषय आहे. 'कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, जवळपास नेहमी' हे वाचायला ठीक, पण ऐकताना 'क्वचित' आणि 'कधी कधी' यांतला फरक पुसला जातो. 'क्वचित' च्या जागी 'फारच कमी वेळा' घेतलं. वाचता न येणाऱ्यांसाठी पाच पेल्यांचं चित्र केलं: पहिला रिकामा, शेवटचा काठोकाठ. ते बोटानं दाखवता येतं. नकारार्थी प्रश्न मात्र टाळायचेच. 'तुम्हाला वेळ मिळत नाही का?' याला 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर दोन्ही अर्थ निघतात, आणि मुलाखतकार आपल्या समजुतीनं खूण करतो. आणखी एक खाचखळगा: झारिटचा २२ वा प्रश्न एकूण भार किती वाटतो असा आहे, त्याचे पर्याय 'किती वेळा' चे नसून 'किती प्रमाणात' चे आहेत, 'अजिबात नाही' पासून 'खूपच जास्त' पर्यंत. तक्ता बनवताना वरचे पर्याय तसेच खाली ओढले जातात आणि शेवटचा प्रश्न अर्थहीन होतो. अनेक प्रबंधांमध्ये हा दोष दिसतो.

आता पूर्वचाचणी. आमच्या मते या सगळ्या कामाचा कणा हाच आहे, आणि घाईत सगळ्यात आधी छाटली जाते ती हीच.

पहिला प्रश्न, बोलायचं कोणाशी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड, जुन्या फाइली घेऊन येणारा मुलगा किंवा जावई घरातला काळजीवाहू असतोच असं नाही. त्याला एसटी, रांग आणि खिडकी क्रमांक माहीत असतात. म्हणून निवडीसाठी तीन साधे प्रश्न ठेवले: गोळ्या काढून कोण देतं? रात्री धाप लागली तर कोण उठतं? भाजीत मीठ कोण घालतं? तिन्हींचं उत्तर बहुधा एकच नाव येतं, आणि ते माणूस पुष्कळदा घरीच थांबलेलं असतं. पुढच्या तारखेला त्यांना घेऊन या असं सांगावं लागतं, किंवा परवानगी घेऊन घरी जावं लागतं. जो आला त्याच्याकडून भरून घेतलेले अर्ज आकड्यांत फार छान दिसतात, कारण ज्याच्यावर भार नाही त्यानंच तो मोजलेला असतो.

दुसरा, कुठे बोलायचं. सुनेशी सासूच्या खाटेजवळ बोललं की प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' येतं. 'घरच्यांचं करायचं ते करायचंच, त्यात त्रास कसला' हे वाक्य तर ठरलेलं. तिचं खोटं नसतं. पण दुसऱ्याच्या देखत एवढंच बोलता येतं. वेगळी खोली नसेल तर ईसीजीच्या खोलीबाहेरचा बाक चालतो, पेशंट आत असतो तेवढा वेळ मिळतो. पेशंट आणि घरचं माणूस दोघांकडूनही भरून घ्यायचं असेल तर दोघांना एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या मुलाखतकारांनी बसवावं. सुरुवातीला स्पष्ट सांगावं की या उत्तरांचा उपचारावर, योजनेच्या मंजुरीवर किंवा पेन्शनवर काही परिणाम होणार नाही. हे वाक्य कागदावर ठळक छापलेलं असावं, कारण न विचारलेली शंका तीच असते.

तिसरा, काय विचारायचं. पूर्वचाचणीत उत्तर मिळवण्यापेक्षा प्रश्न कसा समजला हे बघायचं असतं. प्रत्येक प्रश्नानंतर 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा बरं', 'हे उत्तर देताना कुठला प्रसंग आठवला?', 'हा शब्द तुमच्याकडे कसा म्हणतात?' असं विचारायचं. '२२ प्रश्न समजले का?' असं शेवटी एकदम विचारलं तर उत्तर 'हो' येणारच. काळजी दुसऱ्या कोणावर सोपवावीशी वाटते का, या प्रश्नापाशी बायका थांबतात. तिथे लगेच पुढे जाऊ नये. गप्प बसून राहिलं की बरेचदा त्या स्वतःच बोलतात: झोप मोडते, पाठ दुखते, दीर पैसे देतो पण येत नाही. पुष्कळांनी पूर्वचाचणीत या प्रश्नाला 'कधीच नाही' म्हटलं आणि पुढच्या बोलण्यात उलट सांगितलं, तर प्रश्नाची मांडणी बदलायची. 'काही घरांत असं वाटतं की…' अशी एक ओळ आधी जोडल्यावर संकोच कमी होतो. पण तीही हक्कदाराला कळवूनच.

नमुन्यात वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र इथली माणसं यावीत, शिकलेली आणि न शिकलेली, बाया आणि पुरुष. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत हे साधतं, कारण पेशंट तिथे सगळीकडून येतात. मिठाबद्दल वेगळे प्रश्न विचारायचे असतील तर याचा फार उपयोग होतो. 'जेवताना वरून मीठ घेता का' याला लोक खरोखर 'नाही' म्हणतात. पण लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फरसाण, कोकणातली सुकी मासळी हे त्यांच्या हिशोबात मीठ नसतंच. तसंच पाण्याचं. दिवसाला दीड लिटरचं बंधन असेल तर चहा, ताक, आमटी त्यात धरायची हे सांगितल्याशिवाय कोणी धरत नाही. रोजचं वजन विचारण्याआधी घरात वजनकाटा आहे का हे विचारावं, आणि ते गुणांच्या बाहेर, वेगळ्या रकान्यात. गुण देण्याच्या पर्यायांत आपल्या मनानं सहावा पर्याय घातला की सगळी बेरीज मोडते.

मुलाखत घेणाऱ्याला एक गोष्ट आधी ठरवून द्यावी: समोरचं माणूस रडू लागलं तर काय करायचं. मुलाखत थांबवायची, समाजसेवा विभागात न्यायचं, आणि मानसिक आधारासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून द्यायचा. तिथे मराठीत बोलता येतं.

घराण्याच्या इतिहासाचा तक्ता परदेशी नमुन्यावरून जसाच्या तसा करता येत नाही. तिथे पहिल्या फळीचे नातेवाईक म्हणजे आई-वडील, भावंडं आणि मुलं. आपल्याकडे 'भाऊ' म्हटलं की चुलत, मामे, मावस, आते सगळे आले. प्रत्येक ओळीत 'सख्खा' लिहावंच. काका-मामा, आत्या-मावशी वेगळ्या रकान्यात विचारले तर बरं, म्हणजे वडिलांकडचं आणि आईकडचं वेगळं राहतं. सून उत्तर देत असेल तर तिला सासरचं माहीत असतं पण सासूच्या माहेरचं नसतं, तेव्हा 'माहीत नाही' हा पर्याय 'नाही' पासून वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं. सख्ख्या पुरुष नातलगाला ५५ च्या आत आणि बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर जोखीम वाढते, म्हणून वय नेमकं लागतं. जन्मसाल माहीत नसतं तिथे आठवणीतल्या घटनांची यादी जवळ ठेवावी: १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. 'दुष्काळात वडील केवढे होते?' याला उत्तर येतं.

मृत्यूचं कारण विचारताना 'अटॅक' या शब्दावर थांबू नये. पॅरालिसिसचा झटका, फिट आणि अचानक झोपेत जाणं हे सगळं 'अटॅकनं गेले' मध्ये येतं. छातीत कळ आली होती का, घाम फुटला होता का, हात-पाय लुळे पडले होते का, किती वेळात गेले, असं सुटं विचारायचं. चाळिशीच्या आत कोणी चालता-बोलता कोसळून गेलं का, हा प्रश्न वेगळा ठेवावा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात आई किंवा वडिलांना दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न होण्याची रीत आपल्याकडे असल्यानं 'आई-वडिलांचं लग्न नात्यातलं आहे का' हेही विचारावं. स्वर साधा ठेवावा, चौकशीचा नको.

आकडेमोडीबद्दल थोडक्यात. तज्ज्ञांकडून प्रत्येक प्रश्नाच्या समर्पकतेला १ ते ४ गुण घ्यायचे. तज्ज्ञ सहा किंवा जास्त असतील तर ३-४ गुण देणाऱ्यांचं प्रमाण ०.७८ च्या वर हवं. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं. अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे सगळे प्रश्न एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का हे पाहण्यासाठी, क्रॉनबाखचा अल्फा हा आकडा ०.७० च्या वर असावा, पण ०.९५ च्या वर गेला तर आनंद मानू नये. तेच ते प्रश्न फिरून विचारले जात आहेत, किंवा लोक डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करत आहेत, अशी शंका घ्यावी. घटक-विश्लेषणासाठी, म्हणजे कुठले प्रश्न एकत्र गटात पडतात हे पाहण्यासाठी, दर प्रश्नामागे सात माणसं आणि किमान शंभर, म्हणजे झारिटसाठी १५४. उत्तरं स्थिर राहतात का हे पाहायला पुन्हा त्याच माणसाकडून साधारण दोन आठवड्यांनी भरून घ्यावं, निदान पन्नास जणांकडून. त्या काळात पेशंटची प्रकृती तीच राहिली पाहिजे. नुकताच डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटच्या घरी दोन आठवड्यांत सगळं बदललेलं असतं, तेव्हा यासाठी ओपीडीतले स्थिर पेशंट घ्यावेत. १५ टक्क्यांहून जास्त लोकांना शून्य गुण पडले तर प्रश्नावलीला तळ लागला असं समजतात. तसं झालं की आकडे दुरुस्त करायला जाऊ नका, मुलाखती कुठे आणि कोणाच्या देखत झाल्या ते आधी तपासा. बारा प्रश्नांची छोटी झारिट वापरायची असली तरी आधी पूर्ण २२ तपासावेत.

छपाईकडे दुर्लक्ष होतं, म्हणून शेवटी हेही. मजकूर युनिकोडमध्येच करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं फुटतात, 'दुसऱ्या', 'बऱ्याचदा' मधला ऱ्या तर हमखास. अक्षर किमान १४ पॉइंट, मोतीबिंदू झालेल्या माणसाला वाचता येईल इतकं ठळक. एका पानावर सात-आठच प्रश्न, पर्याय प्रत्येक प्रश्नासमोर पुन्हा छापलेले, आणि प्रश्न एका पानावर, पर्याय दुसऱ्या पानावर असं होऊ नये. प्रत्येक पानाच्या तळाशी रूपाचा क्रमांक आणि महिना-वर्ष टाकावं. दुसऱ्या दवाखान्यानं मागितली तर वर्ड फाइल न देता पीडीएफ द्यावी, सोबत गुण मोजण्याचा कागद, मुलाखतकाराचं सूचनापत्र आणि पेल्यांचं चित्र. त्यांना एखादा शब्द आपल्या भागात चालत नाही असं आढळलं तर त्यांनी प्रश्न क्रमांक, अडलेला शब्द आणि लोकांनी सुचवलेला शब्द लिहून मूळ गटाकडे पाठवावा. पुढच्या रूपात तो बदल नव्या क्रमांकानं यावा, आणि जुन्या क्रमांकावर गोळा केलेली उत्तरं वेगळी ठेवावीत.